अमेरिकेतल्या शिक्षकांची कर्जमाफी: पाच वर्षांची वाट धरायची की दहा वर्षांची?

अमेरिकेत शाळेत शिकवणाऱ्याला तिथल्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज माफ करून घ्यायचं असेल, तर मुख्य वाटा दोन आहेत. पहिली ‘टीचर लोन फर्गिव्हनेस’, पुढे टीएलएफ म्हणू. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवलं की 5,000 किंवा 17,500 डॉलरपर्यंत माफी. दुसरी ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’, म्हणजे पीएसएलएफ. सरकारी किंवा ना-नफा नोकरीत राहून 120 मासिक हप्ते भरले की उरलेलं सगळं कर्ज माफ, कितीही असो.

पहिलीच्या नावात ‘टीचर’ आहे आणि मुदत निम्मी आहे, म्हणून अनेक जण विचार न करता तिकडेच अर्ज करतात. पण एकाच काळातली नोकरी दोन्हीकडे धरता येत नाही. ज्या पाच वर्षांवर टीएलएफ घेतलं, त्या पाच वर्षांतले हप्ते पीएसएलएफच्या 120 मध्ये मोजले जात नाहीत. 5,000 डॉलरची माफी घेऊन साठ हप्त्यांवर पाणी सोडलं, असं व्हायला नको असेल तर निवड नोकरीच्या पहिल्या वर्षीच करून ठेवावी.

आधी कर्ज कोणाचं ते बघा

या सगळ्या योजना फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जाला लागू आहेत, आणि ते कर्ज अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक व निर्वासितांसारखे काही मोजके गट यांनाच मिळतं. एच-1बी, एच-4 किंवा एफ-1 व्हिसावर असताना ते मिळतच नाही. पुण्या-मुंबईच्या बँकेतून काढलेलं शैक्षणिक कर्ज, किंवा अमेरिकेतल्या खाजगी कंपनीचं कर्ज, यांपैकी कशाचीही माफी इथे होत नाही; पुढे ग्रीन कार्ड मिळालं म्हणून जुन्या कर्जाची जात बदलत नाही. ग्रीन कार्डानंतर एम.एड. किंवा शिक्षक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम फेडरल कर्जावर केला असेल, किंवा तिथेच वाढलेली तुमची मुलगी शिक्षिका झाली असेल, तर पुढचं वाचा.

स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन करून ‘माय एड’मध्ये कर्जांची यादी उघडा. प्रत्येक कर्जाचं पूर्ण नाव लिहून घ्या, कारण सगळं नावावर ठरतं:

- ‘डायरेक्ट सबसिडाइज्ड’ किंवा ‘डायरेक्ट अनसबसिडाइज्ड’: दोन्ही योजनांना चालतं.
- ‘डायरेक्ट ग्रॅड प्लस’: पीएसएलएफला चालतं, टीएलएफला नाही.
- ‘एफएफईएल स्टॅफर्ड’ (2010 पूर्वीचं): टीएलएफला चालतं. पीएसएलएफसाठी आधी डायरेक्ट कन्सोलिडेशन, म्हणजे जुनी कर्जं एका नव्या डायरेक्ट कर्जात एकत्र करणं, भाग पडतं.
- ‘पर्किन्स’: याची माफी वेगळी आहे, खाली येते. तोवर ते कन्सोलिडेशनमध्ये टाकू नका.

कमी व्याजाच्या जाहिराती पाहून फेडरल कर्ज खाजगी कंपनीकडे रीफायनान्स केलं, तर ते फेडरल राहत नाही. ही चूक परत फिरवता येत नाही.

टीएलएफ: पाच वर्षांचे नियम बारकाईने

शाळा ‘टीचर कॅन्सलेशन लो इन्कम डिरेक्टरी’त असली पाहिजे. ही यादी दरवर्षी बदलते आणि त्याच सरकारी संकेतस्थळावर राज्य व वर्ष निवडून शोधता येते. शाळेचं नाव, जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि शैक्षणिक वर्ष दिसेल असा स्क्रीनशॉट दरवर्षी जपून ठेवा. तुम्ही रुजू झालात तेव्हा शाळा यादीत होती आणि नंतर गळाली, तरी त्याच शाळेतली पुढची वर्षं धरली जातात. उलट आधी यादीत नव्हती आणि नंतर आली, तर मोजणी ती आल्यापासूनच.

वर्षं सलग आणि पूर्ण हवीत. मधेच नोकरी सोडली की मोजणी शून्यावर येते. बाळंतपण किंवा आजारपणाची एफएमएलए रजा, त्याच विषयातलं पुढचं शिक्षण, किंवा लष्करी सेवा यांमुळे वर्ष अर्धवट राहिलं, पण निम्मं तरी झालं आणि शाळेने पगारवाढ, कायमपणा वगैरेसाठी ते पूर्ण वर्ष मानलं, तर ते चालतं. हे ‘मानलं’ शाळेकडून लेखी घ्या. पाच वर्षांनी मुख्याध्यापक बदललेले असतात आणि नव्या माणसाला काही आठवत नसतं.

रक्कम विषयावर ठरते. माध्यमिक शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवणारे, आणि कुठल्याही स्तरावरचे स्पेशल एज्युकेशनचे, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांचे, शिक्षक, यांना 17,500 पर्यंत. बाकी सगळ्यांना 5,000 पर्यंत. प्राथमिक शाळेत गणित शिकवलं तरी 5,000 च. माध्यमिकला इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकवलं तरी 5,000.

तिसरी अट ‘हायली क्वालिफाइड’ असण्याची. पदवी हवी, राज्याचं पूर्ण प्रमाणपत्र हवं, आणि ते प्रमाणपत्र आणीबाणीचं किंवा सूट देऊन तात्पुरतं दिलेलं नसावं. इथेच परदेशी पदवी असलेल्यांची गाडी अडते. भारतातल्या पदव्यांचं मूल्यांकन व्हायला वेळ लागतो, दरम्यान शाळा तात्पुरत्या परवान्यावर घेते, आणि ते वर्ष पाचात धरलं जात नाही. आपल्या परवान्याचा प्रकार राज्याच्या शिक्षण खात्याच्या भाषेत काय आहे, हे एचआरला आजच विचारा.

समुपदेशक, ग्रंथपाल, मुख्याध्यापक टीएलएफमध्ये बसत नाहीत. योजना प्रत्यक्ष वर्गात शिकवणाऱ्यांची आहे. पीएसएलएफमध्ये मात्र शाळेच्या बसचा ड्रायव्हरही बसतो.

अर्ज पाचवं वर्ष पूर्ण झाल्यावरच करायचा. फॉर्म सरकारी संकेतस्थळावर किंवा तुमच्या सर्व्हिसरकडे, म्हणजे सरकारतर्फे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे (नेलनेट, मोहेला, एडव्हांटेज, एडफायनान्शियल वगैरे) मिळतो. पहिला भाग तुम्ही भरायचा. प्रमाणपत्राचा भाग ‘चीफ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर’ने, म्हणजे मुख्याध्यापक, सुपरिंटेंडंट किंवा एचआरमधल्या अधिकृत व्यक्तीने. दोन जिल्ह्यांत काम केलं असेल तर दोन्हीकडून वेगळं प्रमाणपत्र. कर्ज दोन सर्व्हिसरकडे असेल तर दोघांकडे स्वतंत्र अर्ज. खाडाखोड झाली तर त्याच अधिकाऱ्याची त्या जागी छोटी सही घ्या, नाहीतर फॉर्म परत येतो. तारखा महिना-दिवस-वर्ष या क्रमाने. भारतीय सवयीने 05-08 लिहिलं की ऑगस्टचा मे होतो आणि वर्ष अपुरं दिसतं.

आता गणित: कोणती वाट कोणाला

उदाहरणासाठी समायोजित एकूण उत्पन्न, म्हणजे एजीआय, 50,000 डॉलर, एकटी व्यक्ती, व्याज 6 टक्के धरू. उत्पन्नावर आधारलेल्या ‘आयबीआर’ योजनेत गरिबी रेषेच्या दीडपट रक्कम वजा होते. 2025 च्या आकड्याने एका व्यक्तीसाठी 15,650 ची दीडपट म्हणजे 23,475. उरलेल्या 26,525 चे 10 टक्के, भागिले बारा: हप्ता सुमारे 221 डॉलर. हा 10 टक्क्यांचा दर 1 जुलै 2014 किंवा नंतर पहिल्यांदा कर्ज घेतलेल्यांचा आहे. त्याआधीच्यांना 15 टक्के. पगार दरवर्षी वाढतो तसा हप्ताही वाढतो. इथे तुलनेपुरता तो स्थिर धरला आहे.

पहिली शिक्षिका: माध्यमिक गणित, कर्ज 24,000. पाच वर्षं 221 भरल्यावर शिल्लक राहते सुमारे 17,000. टीएलएफ ती पूर्ण पुसून टाकतं. एकूण भरले 13,260. हीच बाई पीएसएलएफच्या वाटेने गेली तर 26,520 भरेल आणि शेवटी फक्त साडेसात हजारांच्या आसपास माफ होईल. तिने डोळे मिटून टीएलएफ घ्यावं.

दुसरी: प्राथमिक शाळा, कर्ज 32,000. टीएलएफ 5,000 देतं. पीएसएलएफमध्ये दहा वर्षांनी सुमारे 22,000 माफ होतात. इथे टीएलएफचा फॉर्म मागवूच नये.

तिसरा: माध्यमिक विज्ञान, एम.एड.सह कर्ज 70,000. 17,500 मोहक दिसतात, पण ते घेतले की पीएसएलएफची दहा वर्षं नव्याने सुरू होतात, म्हणजे एकूण पंधरा. सरळ पीएसएलएफ घेतलं तर दहा वर्षांत सुटका.

यातून निघणारा ठोकताळा असा: पाचव्या वर्षाच्या शेवटी तुमची शिल्लक टीएलएफच्या तुमच्या मर्यादेत बसत असेल, तरच टीएलएफ घ्या. त्याहून बरीच जास्त राहणार असेल तर पीएसएलएफ. शाळेच्या नोकरीत दहा वर्षं राहायचंच नसेल, तर अर्थात पाच वर्षांत जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावं.

पीएसएलएफ: पायरीपायरीने

1. सगळी कर्जं ‘डायरेक्ट’ आहेत ना, ते बघा. नसतील तर कन्सोलिडेशन करा. ज्या कर्जांवर आधीच हप्ते मोजले गेलेत, ती नव्या कर्जात मिसळली तर मोजणीची भारित सरासरी निघते, त्यामुळे नेमकी कोणती कर्जं एकत्र करायची ते विचार करून ठरवा.

2. उत्पन्नावर आधारलेली परतफेड योजना घ्या. दहा वर्षांचा ‘स्टँडर्ड’ हप्ताही नियमाप्रमाणे चालतो, पण पहिल्या दिवसापासून तोच भरला तर 120 हप्त्यांनी कर्ज संपतं आणि माफ व्हायला काही उरतच नाही. दरवर्षी उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्या. चुकलं की हप्ता उडी मारतो.

3. नोकरी पूर्णवेळ हवी: आठवड्याला सरासरी 30 तास. दोन अर्धवेळ पात्र नोकऱ्या मिळून 30 झाले तरी चालतं. शिक्षकांच्या उन्हाळी सुट्टीची काळजी नको: करार किमान आठ महिन्यांचा असेल, त्या काळात 30 तासांची सरासरी असेल आणि मालक तुम्हाला वर्षभराचा कर्मचारी मानत असेल, तर बाराही महिने मोजले जातात. रविवारच्या मराठी शाळेत बिनपगारी शिकवता ते तास यात धरत नाहीत. पगारी नोकरीच हवी.

4. डब्ल्यू-2, म्हणजे मालक दरवर्षी देतो त्या पगार-कराच्या दाखल्याच्या, ‘बी’ चौकटीतला मालकाचा नऊ आकडी क्रमांक, ईआयएन, काढा. सरकारी संकेतस्थळावरच्या ‘पीएसएलएफ हेल्प टूल’मध्ये तो टाका. सार्वजनिक शाळेचा मालक बहुधा शाळा नसून स्कूल डिस्ट्रिक्ट असतो. चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेल्या) खास जपा: शाळा ना-नफा असली, पण पगार नफ्यावर चालणारी व्यवस्थापन कंपनी देत असेल, तर डब्ल्यू-2 वर त्या कंपनीचा क्रमांक येतो आणि नोकरी अपात्र ठरू शकते. नोकरी स्वीकारण्याआधी हा क्रमांक मागून टूलमध्ये तपासून बघायला काहीच हरकत नाही.

5. टूलमधूनच मालकाचा ईमेल देऊन डिजिटल सही मागवा. ईमेल स्पॅममध्ये पडतो आणि महिने जातात, म्हणून एचआरला आधी फोन करून सांगा. हे काम दरवर्षी करा, आणि नोकरी बदलताना तर निघायच्या आधीच. दहा वर्षांनी एकदम करायला गेलात तर बंद पडलेल्या शाळेची सही आणायची कुठून?

6. मोजणी तपासा. प्रत्येक कर्जाचा आकडा वेगळा दिसतो.

7. 120 झाले की नोकरीत असतानाच माफीचा अर्ज करा. प्रक्रिया चालू असताना हप्ते भरत राहिलात तर 120 नंतरचे जादा पैसे परत मिळतात. या माफीवर केंद्राचा आयकर नाही, टीएलएफवरही नाही. राज्याचा नियम तेवढा बघून घ्या.

जास्तीचे पैसे भरून मुद्दल लवकर उतरवण्याची आपली सवय इथे तोट्याची आहे. जे शेवटी माफ होणार आहे, ते तुम्ही खिशातून भरता.

उलटी युक्ती कामाची आहे: 403(बी) निवृत्ती खात्यात करपूर्व पैसे टाकले की एजीआय घटतं आणि हप्ताही घटतो.

नवरा आयटीत, बायको शाळेत

मराठी घरांत ही जोडी नेहमीची, आणि गोंधळही इथेच जास्त. विवरणपत्र एकत्र भरलं की दोघांचं उत्पन्न धरतात. 50,000 मध्ये नवऱ्याचे दीड लाख मिळाले की आयबीआरचा हप्ता थेट कमाल मर्यादेला, म्हणजे दहा वर्षांच्या स्टँडर्ड हप्त्याला जाऊन टेकतो. 32,000 च्या कर्जावर तो 355 डॉलर. म्हणजे पीएसएलएफचा फायदा शून्य.

‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’ केलं तर फक्त शिक्षिकेचं उत्पन्न धरतात आणि हप्ता पुन्हा 221 च्या आसपास येतो. वाचले महिन्याला 134, वर्षाला सुमारे 1,600. पण वेगळं विवरणपत्र भरलं की पाळणाघराच्या खर्चाची सवलत सहसा जाते, विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची वजावट जाते, रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यात थेट पैसे टाकायची मर्यादा जवळजवळ शून्यावर येते. तेव्हा दोन्ही प्रकारे कर काढून बघा. फरक 1,600 पेक्षा जास्त निघाला तर एकत्रच भरा आणि माफी विसरा. कर्ज 70,000 चं असेल तर चित्र पालटतं: स्टँडर्ड हप्ता 777, वेगळं भरून वर्षाला साडेसहा हजारांहून जास्त वाचतात.

टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना यांसारख्या कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यांत, म्हणजे जिथे नवरा-बायकोची कमाई कायद्याने सामायिक मानतात तिथे, वेगळ्या विवरणपत्रातही दोघांचं उत्पन्न अर्धं-अर्धं वाटलं जातं. शिक्षिकेचं एजीआय कागदावर एक लाख दिसतं. अशा वेळी विवरणपत्राऐवजी पगाराच्या पावत्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून देण्याची मागणी करा.

2025 च्या कायद्याने काय बदललं

4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने परतफेडीच्या योजनांची फेरमांडणी केली. टीएलएफ आणि पीएसएलएफ दोन्ही कायम आहेत. पण 1 जुलै 2026 पासून घेतलेल्या नव्या कर्जाला आयबीआर नाही. स्टँडर्ड किंवा नवी ‘रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन’, रॅप, एवढेच पर्याय. त्या तारखेनंतरच्या कन्सोलिडेशनलाही हेच लागू, म्हणून आयबीआर टिकवायची असेल तर जुनं कर्ज त्यानंतर एकत्र करायला जाऊ नका. पेये आणि आयसीआर या उत्पन्नावर आधारलेल्या जुन्या योजना 1 जुलै 2028 पर्यंत बंद व्हायच्या आहेत.

रॅपचे हप्ते पीएसएलएफमध्ये मोजले जातात. हप्ता एजीआयच्या टप्प्यावर ठरतो आणि पूर्ण एजीआयवर लागतो: 40 ते 50 हजारांत 4 टक्के, 50 ते 60 हजारांत 5 टक्के, असा लाखाच्या वर 10 टक्क्यांपर्यंत. प्रत्येक अवलंबित मुलामागे महिन्याला 50 डॉलर कमी, किमान हप्ता 10. एजीआय 48,000 असेल तर हप्ता 160, एक मूल असेल तर 110. मेख टप्प्यांच्या कडेला आहे. 50,000 ला हप्ता 167 आणि त्याच्या जरा वर गेलं की 208. कडेला असाल तर 403(बी) मध्ये थोडे जास्त टाका.

‘सेव्ह’ या उत्पन्नावर आधारलेल्या परतफेड योजनेत अडकलेल्यांनी आणखी थांबू नये. 2024 पासून कोर्टाच्या स्थगितीमुळे ही कर्जं फोरबेअरन्समध्ये, म्हणजे हप्ते थांबवलेल्या स्थितीत, गेली. ते महिने पीएसएलएफला मोजले जात नाहीत, आणि 1 ऑगस्ट 2025 पासून व्याजही चढतंय. आयबीआरमध्ये जायचा अर्ज करा. पात्र नोकरीचे 120 महिने पूर्ण झाल्यावर असे कोरडे गेलेले महिने पैसे भरून ‘बायबॅक’ने विकत घेता येतात, ते नंतर बघता येईल.

पर्किन्स आणि टीच ग्रँट, थोडक्यात

पर्किन्स कर्ज देणं 2017 मध्ये थांबलं, पण जुनी अजून आहेत. कमी उत्पन्नाच्या शाळेत, किंवा स्पेशल एज्युकेशन, गणित, विज्ञान, परभाषा अशा विषयांत शिकवलं तर पाच वर्षांत 100 टक्के माफी: पहिली दोन वर्षं 15-15, मग 20-20, शेवटी 30 टक्के. अर्ज ज्या कॉलेजने कर्ज दिलं त्याच्याकडे, दरवर्षी.

टीच ग्रँट हे शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीचं अनुदान आहे, पण अभ्यासक्रम संपल्यावर आठ वर्षांत चार वर्षं टंचाईच्या विषयात, कमी उत्पन्नाच्या शाळेत शिकवलं नाही तर ते अनसबसिडाइज्ड कर्ज बनतं, आणि व्याज मूळ तारखेपासून लागतं. नोकरीचा दाखला वेळच्या वेळी पाठवत राहा.

मोजणी कुठे गळते

पीएसएलएफचे पहिले अर्ज 2017 च्या शेवटी आले, आणि सुरुवातीच्या काळात जवळपास 99 टक्के नाकारले गेले. कर्जाचा प्रकार चुकीचा, योजना चुकीची, हप्ते अपुरे. आज नियम सैल झालेत, तरी एक सापळा शिक्षकांसाठी खास उरला आहे. नोकरी करत संध्याकाळी मास्टर्सचा कोर्स घेतला, विद्यापीठाने तुम्हाला ‘हाफ-टाइम’ विद्यार्थी म्हणून कळवलं, की सर्व्हिसर जुनं कर्ज आपोआप ‘इन-स्कूल डिफरमेंट’मध्ये टाकतो. हप्ता बंद झाला म्हणून बरं वाटतं, पण त्या दोन वर्षांचे चोवीस महिने मोजले जात नाहीत. प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच सर्व्हिसरला लेखी कळवा की डिफरमेंट नको, हप्ते चालू ठेवा. प्रत्येक सत्रात पुन्हा तपासा, कारण विद्यापीठाची माहिती नव्याने गेली की ते परत लागतं.

मोजणी चुकली असं वाटलं तर सरकारी संकेतस्थळावरून फेरविचाराची विनंती करता येते. सोबत सर्व्हिसरकडचा हप्त्यांचा पूर्ण इतिहास, बँकेच्या नोंदी, करार आणि डब्ल्यू-2 लावा. सर्व्हिसर बदलला की जुन्या खात्यातला इतिहास दिसेनासा होऊ शकतो, म्हणून तो वर्षातून एकदा पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. यातला एकही फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत. फी मागणारी किंवा तुमच्या स्टुडंटएड खात्याचा पासवर्ड मागणारी कंपनी भेटली तर फोन ठेवून द्या.